धुतलेलं भंगार

"जाणार!" मुंगी म्हणाली.

"राहणार!" भोंगा तिच्या दुप्पट मोठ्यानं म्हणाला. त्याला हळू बोलताच येत नसे, म्हणून तर त्याचं नाव भोंगा पडलं होतं.

"आधी मोजा की," निवांत म्हणाला आणि पुन्हा भिंतीला टेकून पसरला. त्याला निवांत का म्हणत, हे वेगळं सांगायला नको.

भांडण चाललं होतं एका पिस्टन-रिंगवरून. आत्याच्या घरामागच्या शेडमध्ये तिच्या बोटीचं इंजिन सुटं होऊन पडलं होतं. गेली अकरा वर्षं ही बोट जलाशयाच्या या काठावरची माणसं त्या काठावर नेत होती आणि तिकडची इकडे आणत होती. आता इंजिन तेल पिऊ लागलं होतं, निळा धूर ओकू लागलं होतं. सुट्टीला आलेली मुंगी आणि तिचा भाऊ भोंगा यांना ही आयतीच मौज मिळाली. शेजारचे मिस्त्री कामाला होते, आणि मिस्त्रींचा नातू निवांत त्यांच्याबरोबर फुकट मिळाला होता.

आत्याची काम करायची एक पद्धत होती. शेडमध्ये तीन जुनी ताटं मांडलेली असत. एकावर खडूनं लिहिलं होतं 'राहणार', दुसऱ्यावर 'जाणार', तिसऱ्यावर 'बघू'. इंजिनातून निघालेला प्रत्येक भाग मोजूनच कुठल्या ना कुठल्या ताटात जाई. नुसतं बघून काही ठरवायचं नाही, असा आत्याचा दंडक होता.

मुंगीनं रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवली. रिंगच्या दोन टोकांमध्ये फट राहते, तिच्यात तिनं मोजायची पातळ पट्टी घातली. पट्टी आरामात आत गेली. तिनं जाड पट्टी घेतली. तीही गेली. सगळ्यात जाड पट्टीही गेली, वर जागा उरली!

"जाणार," भोंगा पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाला, पण ते पलीकडच्या गल्लीतसुद्धा ऐकू गेलं.

असं दोन दिवस चाललं. बेअरिंगच्या वाट्यांवरचा राखाडी थर झिजून खाली तांबं दिसत होतं, त्या जाणार. एक स्प्रिंग जोडीदारापेक्षा बुटकी निघाली, ती जाणार. सिलिंडर मात्र ठणठणीत होते, ते राहणार. मग आले बोल्ट. करंगळीएवढे चार काळेकभिन्न बोल्ट.

मिस्त्रींनी एक उचलला आणि डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला. "छान आहे. अजून दहा वर्षं चालेल. राहणार."

"मिस्त्रीकाका, मोजलं का?" आत्यानं विचारलं.

"मोजायचं कशाला? हा अंगठा चाळीस वर्षं लोखंडावर फिरतोय. हीच माझी मोजपट्टी!"

आत्या हसली, पण बोल्ट त्यांच्या हातातून घेतलाच. त्यावर एक नट चढवून ती बोटानं फिरवू लागली. नट थोडा खाली गेला आणि मधेच अडला.

"बघा मुलांनो. इंजिनात दोन पिस्टन आहेत. प्रत्येक पिस्टनला खाली एक दांडा. तो दांडा या बोल्टांनी जखडलेला असतो, एका दांड्याला दोन बोल्ट. वर्षानुवर्षं ताण खाऊन बोल्ट लांबतो. केसाएवढाच, डोळ्याला दिसत नाही. पण आटे ताणले जातात, म्हणून नट अडतो. नव्या बोल्टवर नट सुळकन शेवटपर्यंत जातो."

"आणि लांबलेला बोल्ट तसाच ठेवला तर?" मुंगीनं विचारलं.

"एक दिवस तुटतो. मग दांडा सुटतो आणि इंजिनाची कूस फोडून बाहेर येतो."

"कधी?" निवांत चक्क उठून बसला.

"जोर लावल्यावर. म्हणजे भरल्या बोटीत, पाण्याच्या मध्यावर." आत्याचा आवाज खाली आला. सगळ्यांना माहीत होतं, जलाशयाच्या मध्यावर पाण्याला वीजघराकडे ओढ होती. तिथं तरंगती पिंपं बांधून धोक्याची रेघ आखलेली होती. बंद पडलेली बोट त्या रेघेपलीकडे गेली, तर तिला परत आणणारं कुणी नव्हतं.

चारही बोल्टवर नट अडला. चारही 'जाणार' ताटात गेले.

"ताटांची जबाबदारी मुंगीची," आत्यानं जाहीर केलं. "एका ताटातली वस्तू दुसरीकडे गेली, तर मी तिलाच विचारणार!"

मुंगीची छाती अशी फुगली, की भोंगा दिवसभर तिला 'ताटवाल्या बाईसाहेब' म्हणत होता.

* * *

तिसऱ्या दिवशी नवे भाग आले. चौथ्या दिवशी आत्या कागदपत्रांसाठी कचेरीत गेली आणि मिस्त्रींनी इंजिन जोडलं. पाचव्या दिवशी सकाळी ते बोटीत बसलंसुद्धा! धक्क्याला बांधलेल्या बोटीत दहा मिनिटं ते चालवून पाहिलं. धूर नाही, खडखड नाही. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग "साहेबांना घेऊन चारला येते," असं म्हणून ती निघून गेली.

साहेब म्हणजे बोटी तपासणारे अधिकारी. या गावात ते वर्षातून एकदाच येत. त्यांना बोटीत बसवून पलीकडे नेऊन परत आणायचं, मग ते परवान्यावर सही करत. आज बोट चालली नाही, तर पुढचं वर्षभर ती खुंटाला बांधलेलीच राहणार होती. पलीकडच्या काठावरची मुलं शाळेला आणि म्हातारी माणसं दवाखान्याला कशी येणार, हा प्रश्न होताच. आणि बोटीवाचून आत्या काय करणार, हा प्रश्न तर मुंगीला विचारवतच नव्हता.

दुपारी अडीचला काकांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, हाक मारली. "मुंगे, भंगारवाला येईल आता. ते 'जाणार' ताट बाहेर आणून ठेव बरं!"

मुंगीनं ताट उचललं आणि ती जागच्या जागी थबकली.

ताटात सगळं काळं, तेलकट, मळकं होतं. रिंगा काळ्या, वाट्या काळ्या. आणि त्यांच्या मधोमध चार बोल्ट लख्ख चमकत होते!

"भोंग्या! निवांत! इकडे या!"

"काय झालं?" भोंग्याच्या आवाजानं छपरावरची कबुतरं उडाली.

"हे बोल्ट कुणी धुतले?"

"धुतले तर धुतले! स्वच्छ भंगार बघून भंगारवाला खूश होईल."

"अरे, पण भंगार कोण धुतं?"

मुंगीनं ताट खाली ठेवलं. तिनं एक नट शोधला आणि पहिल्या बोल्टवर चढवला. मधेच अडला. दुसरा बोल्ट, अडला. तिसरा, अडला. चौथ्यावर नट चढवून तिनं बोट लावलं मात्र, तो सुळकन थेट शेवटपर्यंत गेला!

"परत कर," निवांत म्हणाला. त्याच्या आवाजातला निवांतपणा कुठल्या कुठे गेला होता.

तिनं परत केलं. नट पुन्हा तसाच सुळकन गेला.

"हा नवा आहे," मुंगी कुजबुजली. "नवे चार आणले होते. त्यातला एक इथं भंगारात आहे. म्हणजे जुना एक..."

धक्क्यावर बांधलेल्या बोटीकडे तिघांची नजर एकाच वेळी गेली.

"पण इकडचं तिकडे झालंच कसं?" भोंगा म्हणाला. "ताटं तर तुझ्या..." आणि तो मधेच थांबला, कारण मुंगीचा चेहरा पांढराफटक पडला होता. इंजिन जोडलं त्या दिवशी ती तासभर शेड सोडून भोंग्याबरोबर पोहायला गेली होती. भोंग्यानंच तिला ओढून नेलं होतं, हे खरं. पण जबाबदारी काही भोंग्याची नव्हती.

"रडायचं नंतर," निवांत म्हणाला. "त्या दिवशी मी आजोबांना टॉर्च धरून होतो. नव्या बोल्टांना चिकट ग्रीस असतं ना, ते जावं म्हणून आजोबांनी बोल्ट रॉकेलच्या डब्यात टाकले आणि जेवायला गेले. परत आल्यावर डब्यात हात घालून चार बाहेर काढले, अंगठा फिरवला आणि बसवले."

"डब्यात चारच होते?"

निवांत आठवत राहिला. "नाही गं! आजोबांनी हात घातला तेव्हा खळखळ आवाज येत होता. मला वाटलं, जास्तीचे आणले असतील."

"जुने बोल्ट त्या डब्यात कुणी टाकले?"

तिघं एकदम काकांकडे वळली. काका शाळेची प्रयोगशाळा सांभाळत. परीक्षानळ्या धुऊन धुऊन त्यांना अशी सवय लागली होती, की घरात कुठलीही वस्तू पाच मिनिटं मळकी राहिली, तर त्यांचे हात शिवशिवत. मागच्या वर्षी त्यांनी मुंगीची नवीकोरी चप्पलसुद्धा धुतली होती.

"काका, तुम्ही 'जाणार' ताटातले बोल्ट धुतलेत का?"

"हो तर!" काका अभिमानानं म्हणाले. "कुंड्यांचं स्टँड बनवतोय ना मी, म्हटलं त्याला उपयोगी पडतील. शेडमध्ये रॉकेलचा डबा भरलेलाच होता, मग नवीन रॉकेल कशाला ओता? त्यातच टाकले आणि हात धुवायला साबण आणायला गेलो. येऊन बघतो तर डब्यात चारच बोल्ट! काढले, पुसले, तर स्टँडला आखूड पडले. म्हणून पुन्हा जागच्या जागी ठेवून दिले. वस्तू कशी जागच्या जागी हवी!"

"काका!" मुंगी किंचाळलीच. "डब्यात आठ होते! तुम्ही साबण आणायला गेलात तेव्हा मिस्त्रीआजोबांनी त्यातले चार काढले!"

काकांच्या हातातलं फडकं खाली पडलं. तिनं सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा खिशातून फोन काढला आणि आत्याला लावला. फोन घरातच वाजू लागला. आत्या नेहमीप्रमाणे तो कपाटावर चार्जिंगला लावून विसरली होती!

"किती वाजले?"

"तीन!"

"पळा!" भोंगा ओरडला. मुंगीनं चारही बोल्ट आणि नट खिशात कोंबले आणि तिघं धक्क्याकडे सुसाट निघाली. मागून काका, पडलेलं फडकं उचलून घेऊनच.

* * *

मिस्त्री बोटीत इंजिनापाशी उभे होते. हातात सुरू करायचं हँडल होतं. "आलात? बरं झालं. साहेब यायच्या आत जरा गरम करून ठेवतो. एकदा पूर्ण जोर देऊन बघतो, म्हणजे साहेबांसमोर फजिती नको."

पूर्ण जोर!

"थांबा, मिस्त्रीआजोबा! सुरू करू नका! आत एक जुना बोल्ट गेलाय!" आणि तिनं धापा टाकत सगळं सांगितलं.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं, पण त्यांच्या भुवया वर वर जात होत्या. "म्हणजे मी जुना बोल्ट बसवला? मी? हा अंगठा फिरवल्याशिवाय मी एकही बोल्ट आत घालत नाही! आणि सकाळी दहा मिनिटं चाललं ना इंजिन? झालं काही?"

"सकाळी बोट बांधलेली होती. जोर कुठे होता?" मुंगी म्हणाली.

"आजोबा, एकदा उघडून तर बघा," निवांतनं विनवलं.

"आता? साहेब यायला तासही नाही आणि घट्ट केलेलं इंजिन पोरांच्या सांगण्यावरून उघडू? मास्तर, तुम्ही तरी या पोरांना घेऊन जा इथून!"

काका फडक्यानं हात पुसत राहिले. मिस्त्रींनी हँडल इंजिनाला लावायला हात पुढे केला.

तेवढ्यात भोंग्यानं झेप घेतली! हँडल हिसकावलं, बोटीवरून धक्क्यावर उडी मारली आणि धूम ठोकली.

"अरे ए! आण ते इकडे!" मिस्त्री मागे धावले. भोंगा पुढे, मिस्त्री मागे. धक्क्याच्या टोकाला जाऊन भोंग्यानं हँडल पाण्यावर धरलं.

"जवळ आलात तर टाकीन!"

मिस्त्री जागच्या जागी खिळले. हँडल एकच होतं, आणि ते पाण्यात गेलं तर बोट आज काही सुटायची नाही. पण भोंग्याचा हात पुन्हा पुन्हा आत येत होता. त्याला ते टाकायचं नव्हतं, हे मुंगीला दिसत होतं. आणखी थोड्या वेळानं मिस्त्रींनाही दिसलं असतं.

काहीतरी करायला हवं होतं. ओरडून उपयोग नव्हता, रडून त्याहून नव्हता. मुंगीनं खिशातले चार बोल्ट मुठीत घेतले.

"मिस्त्रीआजोबा, एक पैज लावू या. हे चार बोल्ट भंगाराच्या ताटातले. आम्ही म्हणतो, यातला एक नवा आहे. तुम्ही डोळे मिटून अंगठा फिरवा आणि नवा कोणता ते सांगा. बरोबर सांगितलंत, तर हँडल परत आणि आम्ही तुमच्या अंगठ्याला सलाम करू. चुकलात, तर इंजिन उघडायचं."

"हात्तिच्या!" मिस्त्री म्हणाले. अंगठ्याला कुणी आव्हान द्यावं आणि त्यांनी मागे हटावं, हे शक्यच नव्हतं. त्यांनी तिथंच धक्क्यावर बसकण मारली, डोळे मिटले आणि एकेक बोल्ट हातात घेतला. अंगठा आट्यांवरून सावकाश फिरला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. पुन्हा दुसरा.

"हा!" त्यांनी दुसरा बोल्ट उंच धरला. "हा नवा. शंकाच नको."

मुंगीनं त्यांच्या हातात नट ठेवला. मिस्त्रींनी तो चढवला आणि फिरवला. नट मधेच अडला.

त्यांनी जोर केला. तो हलेना. मग त्यांनी स्वतःच एकेक करून बाकीचे तिन्ही तपासले. शेवटच्यावर नट सुळकन गेला, तेव्हा त्यांनी अंगठ्याकडे असं पाहिलं, की मुंगीला त्यांची फार दया आली.

"चल," ते निवांतला म्हणाले. "पाना आण."

निवांत पान्यासाठी बोटीत उतरला, तेव्हा त्यानं मुंगीला हळूच विचारलं, "आणि आजोबांनी खरंच नवा ओळखला असता तर?"

"तर भंगारात एक नवा आहे हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं असतं! मग उघडावंच लागलं असतं."

निवांत तिच्याकडे बघतच राहिला.

* * *

इंजिनाच्या कुशीला एक झाकण होतं. ते काढलं, की आत हात घालून बोल्टांपर्यंत पोचता येत होतं. मिस्त्री एक बोल्ट काढत, पुसत, त्यावर नट फिरवून पाहत, परत बसवत, घट्ट करत आणि मगच दुसऱ्याला हात घालत. घाई केली, तर सगळाच घोटाळा झाला असता.

पहिला बोल्ट. नट सुळकन गेला. "नवा!" भोंगा म्हणाला.

दुसरा. सुळकन. "नवा!"

साडेतीन वाजून गेले होते. तिसऱ्याला हात पोचत नव्हता, तेव्हा क्रँक फिरवून दांडा पुढे आणावा लागला. तिसरा बाहेर आला. सुळकन!

"बघा!" मिस्त्रींच्या आवाजात पुन्हा जीव आला. "तीन तपासले, तिन्ही नवे! उगाच धसका घेतलात. एखादा बोल्ट जास्तीचा आला असेल दुकानातून."

"चौथा राहिलाय," मुंगी म्हणाली.

"चौथा पार मागं आहे. त्याला आणखी पाव तास..."

"ते बघा कोण आलं!" काका म्हणाले.

धक्क्यावरून आत्या येत होती आणि तिच्या शेजारी बगलेत फाइल धरलेले एक उंच, किडकिडीत गृहस्थ. साहेब! चारला अजून दहा मिनिटं होती. साहेब वेळेआधी पोचले होते.

"हे काय?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तपासणीच्या वेळी इंजिन उघडं?"

आत्याच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. मिस्त्री घाईघाईनं म्हणाले, "काही नाही साहेब, तेल बघत होतो. पाच मिनिटांत झाकण लावतो!"

झालं! आता गप्प बसलं, की संपलं. झाकण लागेल, साहेब सही करतील, आत्याची बोट वर्षभर चालेल. कदाचित खरंच एक बोल्ट जास्तीचा आला असेल. मुंगीनं मनात पुन्हा मोजलं. जुने चार होते. तिनं स्वतः ताटात ठेवले होते. ताटात आता जुने तीन. चौथा हवेत विरून गेला नव्हता. तो आत होता, आणि पाच मिनिटांनी त्याच्यावर भरवसा टाकून तिची आत्या पाण्याच्या मध्यावर जाणार होती.

"तेल नाही बघत, साहेब," ती म्हणाली. आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "आत एक खराब बोल्ट आहे. आम्ही तो शोधतोय. तीन बघून झालेत, एक राहिलाय."

आत्या बोटीच्या कडेशी आली. पाणी बोटीच्या अंगावर चुबुक चुबुक आपटत होतं.

"ताटं तुझ्याकडे होती ना?" आत्यानं विचारलं.

"होती." मुंगीच्या डोळ्यांतून आता खरंच पाणी येऊ लागलं. "मी तासभर पोहायला गेले होते, आत्या. तेव्हा झालं हे. चूक माझी आहे."

"आणि भंगार मी धुतलं!" काका मागून एकदम म्हणाले.

साहेबांनी फाइल उघडली, पुन्हा मिटली. "बाई, नियमाप्रमाणे मी आत्ताच परत जाऊ शकतो."

"मला माहीत आहे," आत्या म्हणाली. तिनं बोटीकडे पाहिलं, मग मुंगीकडे. "तुम्ही जायचं तर जा साहेब. मिस्त्रीकाका, चौथा बघा."

मिस्त्री नाइलाजानं वाकले. "आधी घट्ट आहे का ते बघतो. चांगला असेल तर पाना हलणारच नाही." त्यांनी आत पाना लावला आणि जोर दिला.

पाना हलला. आणखी हलला. फिरतच राहिला, पण नट काही घट्ट होईना. मिस्त्रींच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी आणखी एकदा ओढलं.

टक्!

आवाज तो केवढासा, पण सगळे दचकले. मिस्त्रींनी हात बाहेर काढला. पान्याच्या तोंडात नट होता, आणि नटात अडकलेला बोल्टचा अर्धा तुकडा.

"हातानं तुटला," मिस्त्री पुटपुटले. "नुसत्या हातानं!" ते तिथंच खाली बसले. मग म्हाताऱ्यानं जे केलं ते मुलांनी कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांसमोर मुंगीपुढे हात जोडले. "पोरी, मी आज चार माणसांना घेऊन बुडणार होतो. यापुढे मोजल्याशिवाय आटा म्हणून फिरवणार नाही."

"असं नका करू ना!" मुंगीला काय करावं कळेना.

साहेबांनी तुटका तुकडा हातावर घेतला आणि बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. "वीस वर्षं बोटी तपासतोय मी," ते म्हणाले. "लोकांनी माझ्यापासून काय काय लपवलंय ते सांगायला बसलो तर रात्र होईल. स्वतःहून दोष दाखवणारी मुलगी आज पहिल्यांदा भेटली." मग घड्याळात बघून त्यांनी घसा साफ केला. "माझी वेळ चारची आहे. आत्ता चारला पाच कमी आहेत. काम किती वेळाचं?"

"अर्ध्या तासाचं!" आत्या म्हणाली.

"मग मी या पायरीवर बसतो. चारला मी आलो होतो, एवढं लिहीन. उशीर माझ्या सावकाश चालण्यामुळे झाला असेल."

बाह्या सरसावून आत्या स्वतः आत उतरली. बोल्टचा उरलेला तुकडा काढला. मुंगीच्या खिशातला नवा बोल्ट आत गेला. आत्यानं नट किती घट्ट झाला ते काट्यावर दाखवणारा टॉर्क पाना लावून चारही नट पुन्हा तपासले, आणि दर वेळी काटा कुठे थांबला ते भोंग्यानं सगळ्या धक्क्याला ऐकवलं. काका फडकं घेऊन पुढे झाले, तेव्हा चौघं एकदम ओरडली, "काही धुवू नका!" साहेबसुद्धा हसले.

झाकण लागलं. साहेब पुढच्या बाकावर बसले. भोंग्यानं परत दिलेलं हँडल मिस्त्रींनी हातात घेतलं आणि आत्याकडे पाहिलं. आत्यानं मुंगीकडे पाहिलं.

"काय मुंगे, सुरू करू?"

मुंगीला वाटलं, ती थट्टा करतेय. पण आत्या हसत नव्हती. मिस्त्री, साहेब, काका, सगळे तिच्या उत्तरासाठी थांबले होते. सुट्टी लागल्यापासून मोठ्या माणसांनी तिला खूप काही सांगितलं होतं. विचारलं असं आज पहिल्यांदाच. तिनं वाकून इंजिनाच्या खाली पाहिलं. तेलाचा थेंब नव्हता.

"करा!"

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. धक्का मागे गेला. पाण्याच्या मध्यावर पोचल्यावर वीजघराकडची ओढ लागली, बोट किंचित तिरकी झाली आणि डावीकडे पिंपांची रेघ दिसू लागली. आत्यानं पूर्ण जोर दिला. मुंगीनं बाक गच्च धरला. इंजिनाचा आवाज चढला आणि एकसारखा राहिला. बोट सरळ झाली. पिंपं मागे पडली.

तेव्हा कुठे मुंगी हमसून हमसून रडली. निवांत आणि भोंगा गडबडून एकमेकांकडे पाहू लागले. आत्यानं एका हातानं सुकाणू धरलं आणि दुसऱ्यानं तिला जवळ ओढलं.

"रड हवी तेवढी," ती तिच्या कानाशी म्हणाली. "पोहायला गेलीस ही चूकच, ती मी विसरणार नाही. पण आज तू बोलली नसतीस, तर आपण आत्ता त्या पिंपांपलीकडे असतो. आता डोळे पूस आणि पुढे बघ. काठ आला की हात वर करायचा, मग मी वेग कमी करते. मला इथून नीट दिसत नाही."

मुंगीनं बाहीनं डोळे पुसले आणि ती बोटीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. पलीकडच्या काठावर लोक गोळा होऊ लागले होते. ती नजर न हलवता बघत राहिली, आणि अंतर अगदी बरोबर वाटलं तेव्हा तिनं हात वर केला.